हद्द कुठली, माणसे कुठली?

मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. दहा वर्षांत अडीच लाखांहून अधिक माणसे कमी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाबद्दल हे सांगितले की ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही. तो विचारतो, "मग लोकलला ही गर्दी कुठली?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या पुस्तकाचा बराचसा भाग त्याच प्रश्नाच्या पाठीमागे गेला आहे.

शहरांच्या लोकसंख्येची तुलना करणे वरवर सोपे वाटते. दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडावेत, वजाबाकी करावी, टक्केवारी काढावी, आणि अमुक शहर वाढले, तमुक मागे पडले असे सांगून मोकळे व्हावे. वर्तमानपत्रांत येणाऱ्या क्रमवाऱ्या अशाच तयार होतात. पण शहर म्हणजे नदी-डोंगरासारखी आपोआप ठरलेली वस्तू नाही. त्याची हद्द कुणीतरी कागदावर आखलेली असते आणि ती पुन्हा पुन्हा हलवली जाते. शिवाय त्या हद्दीत मोजली गेलेली माणसे बहुतेक वेळा दुसरीकडून आलेली असतात. म्हणून कोणताही आकडा हाती घेतला की हद्द कुठली आणि माणसे कुठली, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. हे दोन प्रश्न टाळून केलेली तुलना मला निरुपयोगी वाटते, कधी कधी तर अन्यायकारक.

मुंबईपासून सुरुवात करण्याचे कारण आपलेपणाचे आहे, तसेच सोयीचेही. या शहराची मोजणी अखिल भारतीय जनगणनेच्या आधीपासून झालेली आहे. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे भरली. १८७२ मध्ये ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाखांची घट! हे कोडे सोडवायला अमेरिकेत जावे लागते. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्रात भराव टाकण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांची लूट झाली, मातीच्या पाट्या वाहायला घाटावरून आणि कोकणातून माणसे आली. १८६४ ची मोजणी त्या तेजीच्या ऐन भरातली. १८६५ मध्ये युद्ध संपले, १ जुलैच्या वायद्याला बाजार कोसळला, कंपन्या बुडाल्या, कामे थांबली आणि पाट्या वाहणारे गावी परतले. १८७२ च्या मोजणीवर या परतीची सावली आहे. १८६४ हे आरंभवर्ष धरले तर एकोणिसाव्या शतकातली मुंबई जेमतेम तग धरून राहिलेली दिसते; १८७२ धरले तर झपाट्याने वाढणारी. दोन्ही चित्रे त्याच आकड्यांतून निघतात. आरंभवर्ष कोणते निवडले, यातच अर्धा निष्कर्ष ठरून जातो.

दुसरी घट १९०१ ची. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबई १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. फरक पंचेचाळीस हजारांचा. तक्त्यात ही फारशी मोठी गोष्ट वाटत नाही. पण या पंचेचाळीस हजारांच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत शहराला अशी गळती लागली की १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई बाहेर पडलेली होती. आगगाड्या भरून गेल्या, बोटी भरून गेल्या, पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागल्या. मग रोग थोडा ओसरला की माणसे परत येत, पुन्हा साथ उसळली की पुन्हा जात. त्याच काळात दख्खनमध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले आणि उपाशी माणसे मुंबईच्या दिशेने चालू लागली. एका दाराने लाखो गेले, दुसऱ्या दाराने लाखो आले, कित्येक हजार मेले, आणि दहा वर्षांच्या शेवटी जमाखर्चात उरले वजा पंचेचाळीस हजार. दशवार्षिक आकडा हा शिल्लक दाखवतो, उलाढाल दाखवत नाही. तक्ते वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्लेगने आणखी एक गोष्ट केली. दाट वस्तीत साथ पसरते, ही समजूत पक्की झाली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते जुन्या वस्त्या फोडून काढले गेले, आणि उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळा-शीव या भागांची आखणी झाली. मुंबई उत्तरेकडे सरकण्याची ती रीतसर सुरुवात. पुढे बेटाची लोकसंख्या कमी झाली, त्या प्रवासाचा पहिला मुक्काम दादर हा होता.

१९३१ मध्येही मुंबईची संख्या १९२१ पेक्षा थोडी घटलेली दिसते : ११,७५,९१४ वरून ११,६१,३८३. या घटीत मंदी आहे, १९२८-२९ च्या गिरणी संपांनंतर गावी गेलेले कामगार आहेत, आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत काँग्रेसने मोजणीवर घातलेला बहिष्कारही आहे. त्या दशकावर एवढे पुरे.

आता माणसे कुठली, या प्रश्नाकडे येतो. १९२१ च्या मुंबईत शंभरांतली ऐंशीपेक्षा अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक. आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. हा एक आकडा गिरणगावाचे सगळे घर उघडून दाखवतो. दहा बाय दहाच्या खोलीत एका गावचे, एका वाडीचे दहा-बारा गडी. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या, खुंट्यांवर सदरे, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या. पाळी सुटून आलेला गडी ज्या जागी अंग टाकी, ती जागा थोड्याच वेळापूर्वी कामावर गेलेल्याने मोकळी केलेली असे. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीने. पगार झाला की मनीऑर्डर. बायको, पोरे आणि म्हातारी गावी. म्हणजे जनगणनेच्या हिशेबात एकच कुटुंब दोन जिल्ह्यांत वाटले गेलेले. ही व्यवस्था किती टिकली, हे पाहायचे तर प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ आठवावे. ते १९७५ मध्ये उभे राहिले ते गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. तोवरही गिरणगावात एकट्या पुरुषांची पंगत मोडलेली नव्हती.

गोव्याच्या माणसांनी याच कामासाठी कूड उभारले. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी भागात गोव्यातल्या एकेका गावाचे कूड होते. बोटीवर नोकरी करणारा तारवटी मुंबईत उतरला की आपल्या गावाच्या कुडात पेटी ठेवी, पुढची बोट मिळेपर्यंत तिथेच राही. असा माणूस मुंबईचा धरायचा, गोव्यातल्या साष्टीचा की समुद्राचा? १९३१ पर्यंत जनगणनेची पद्धत एका रात्रीची होती : त्या रात्री जो जिथे असेल, तिथला. १९४१ पासून ही एका रात्रीची पद्धत सोडली गेली आणि गणना काही दिवसांच्या मुदतीत, राहत्या ठिकाणावरून होऊ लागली. बंदर आणि गिरण्या असलेल्या शहराला हा फरक किरकोळ नाही. १९३१ आणि १९४१ चे आकडे शेजारी मांडताना आपण दोन वेगळ्या चाळण्यांतून पडलेले धान्य मोजत असतो.

हद्दीचा घोळ त्याहून मोठा. १९४१ मध्ये मुंबई म्हणजे बेट : १४,८९,८८३. महायुद्धाने कामे वाढवली, फाळणीने निर्वासित आणले, आणि १९५१ मध्ये बेटावरच २३,२९,०२० माणसे झाली. दरम्यान १९५० मध्ये वांद्रे, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर ही उपनगरे महापालिकेत आली, १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९६१ ची बृहन्मुंबई ४१,५२,०५६ ची. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट, असे सर्रास लिहिले जाते. बेटापुरते पाहिले तर १९६१ चा आकडा २७,७१,९३३ आहे, दुपटीहून कमी. उरलेली वाढ काही अंशी आलेल्या माणसांची आणि काही अंशी हललेल्या रेषेची आहे. सालसेटमधली जी गावे १९४१ मध्ये मुंबईबाहेर होती, तिथले रहिवासी घरातून न हलता मुंबईकर झाले.

रेषेचा सर्वांत बोलका दाखला मुंबई आणि कलकत्त्याच्या शर्यतीत सापडतो. १९८१ च्या यादीत देशातला पहिला नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला सलग जोडलेली वस्ती, कलकत्ता होता, सुमारे ९२ लाखांचा. बृहन्मुंबई ८२ लाखांची, दुसरी. १९९१ मध्ये मुंबई १ कोटी २६ लाख, कलकत्ता १ कोटी १० लाख. मुंबईने कलकत्त्याला मागे टाकले, ही बातमी झाली आणि शालेय पुस्तकांतही गेली. पण १९८१ मध्ये कलकत्त्याच्या बेरजेत हावडा आणि हुगळीकाठची नगरे होती, तर मुंबईच्या बेरजेत ठाणेसुद्धा नव्हते. १९९१ मध्ये ठाणे, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई ही सारी मुंबईच्या नागरी समूहात धरली गेली. बृहन्मुंबई महापालिकेपुरती त्या वर्षीची संख्या ९९,२५,८९१ होती, कलकत्त्याच्या समूहापेक्षा कमीच. मुंबई मोठी होत होती यात शंकाच नाही. मात्र पहिला नंबर तिला माणसांबरोबर व्याख्येनेही दिला.

बेंगळुरूचे तसेच. २००१ मध्ये महापालिकेची लोकसंख्या ४३ लाख, २०११ मध्ये ८४ लाख. दहा वर्षांत दुप्पट, आयटीची किमया. २००७ मध्ये भोवतालच्या सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि शंभरावर गावे एकत्र करून बृहत् बेंगळुरू महापालिका झाली, हे त्या वाक्यात येत नाही. नागरी समूहाचे आकडे घेतले तर २००१ मध्ये ५७ लाख आणि २०११ मध्ये ८५ लाख. वाढ प्रचंडच, पण निम्म्याने. पुण्याची १५.७ लाखांवरून २५.४ लाखांपर्यंतची १९९१ ते २००१ मधली उडीही अशीच तपासून घ्यावी. मध्ये १९९७ मध्ये भोवतालची गावे हद्दीत आलेली आहेत. पिंपरी-चिंचवड मात्र वेगळे प्रकरण आहे. १९८१ मध्ये २.२ लाख, २०११ मध्ये १७.३ लाख, इथे कारखान्यांनी माणसे ओढून आणली, आणि पुण्याचा आकडा त्याच्याशिवाय वाचूच नये.

पुन्हा बेटाकडे. १९७१ मध्ये ३०.७ लाख, १९८१ मध्ये ३२.९, १९९१ मध्ये ३१.७, २००१ मध्ये ३३.४, २०११ मध्ये ३०.९. चाळीस वर्षे फिरून बेट १९७१ च्या आकड्यापाशी आले. या चाळीस वर्षांच्या पूर्वार्धात १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कधीच आत गेले नाहीत. मग गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि ज्यांच्या आजोबांनी लालबाग-परळ वसवले ती कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली. काही रत्नागिरी-साताऱ्याला परतली. २००१ ते २०११ या दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. "लोकलला ही गर्दी कुठली" याचे उत्तर इथे आहे. बेटावर रात्री झोपणारे कमी झाले, सकाळी उतरणारे वाढले. जनगणना पहिल्यांना मोजते. आणि एक गोष्ट मला फार खटकते : २०११ च्या वर्गवारीत बारा लाखांचे वसई-विरार मुंबईच्या नागरी समूहात नाही. मध्ये खाडी असल्याने वस्ती सलग नाही, असा नियम. विरार लोकलच्या दाराला लटकून जाणाऱ्याला विचारा, तो कुठल्या शहरात जगतो.

बेटाची घट म्हणजे मुंबईचा ऱ्हास, असे कुणी म्हटले तर लंडन आणि डेट्रॉईट एकत्र पाहावीत. लंडन १९३९ मध्ये ८६ लाखांवर होते. १९८० च्या दशकात ते ६८ लाखांच्या खाली आले. बॉम्बहल्ल्यांनी घरे गेली, पण त्यापेक्षा १९४४ च्या ॲबरक्रॉम्बी आराखड्याने आणि १९४६ च्या नवनगर कायद्याने माणसे ठरवून बाहेर नेली. स्टीव्हनेज हे त्यांतले पहिले नगर. गोद्या बंद पडल्या तेव्हा पूर्व लंडनची वाताहत झाली हेही खरे. तरी शहर मोडले नाही, आणि २०१५ मध्ये त्याने १९३९ चा आकडा पुन्हा गाठला. डेट्रॉईट १९५० मध्ये १८.५ लाखांचे होते, २०२० मध्ये ६.४ लाखांचे. तिथे भोवतालचा महानगर परिसर चाळीस लाखांच्या आसपास टिकून राहिला, पण कारखाने, गोरा मध्यमवर्ग आणि त्यांचा कर हे सगळे महापालिकेच्या रेषेपलीकडे गेले. रेषेच्या आत उरले गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय रहिवासी आणि रिकामी घरे. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. घट तीच, परिणाम वेगळे, कारण कोण गेले, काय घेऊन गेले आणि कर कुठे भरू लागले, हे वेगळे. मुंबईच्या बेटातून माणसे गेली, कचेऱ्या आणि तिजोरी राहिली. जाणाऱ्यांच्या वाट्याला कमी सोयींच्या, गरीब नगरपालिका आल्या. घाव बसला तो बेटावर नाही, नालासोपाऱ्यावर.

शहरांच्या तुलनेत शेवटचे नाव मी एका शहर नसलेल्या जिल्ह्याचे घातले आहे, आणि ते मुद्दाम. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. हा आकडा लोक समतेचा पुरावा म्हणून मिरवतात. मला त्यात १९२१ च्या मुंबईतल्या सव्वापाचशेची दुसरी बाजू दिसते : पुरुष अजूनही बाहेर आहेत. (जुना रत्नागिरी जिल्हा सिंधुदुर्गासह होता, १९८१ मध्ये तो दुभागला, गावांच्या रेषाही हलतातच.) शहराचा तक्ता आणि त्याला माणसे पुरवणाऱ्या मुलखाचा तक्ता एकाच पानावर छापला पाहिजे. आपल्याकडे ते दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या अहवालांत पडून असतात, म्हणून बंद घरांचे कोकण आणि तुडुंब भरलेले बदलापूर ही एकच गोष्ट आहे हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

हे पुस्तक २०११ पाशी थांबते, कारण त्यानंतर गणनाच झालेली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धातही न चुकलेली मालिका २०२१ मध्ये तुटली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्यातून, सुरतेतून माणसे पायी गावी निघाली. १८९७ नंतरचे हे तसे मोठे निर्गमन. १८९७ ची खूण निदान १९०१ च्या आकड्यात राहिली. २०२० ची खूण कुठल्या तक्त्यात सापडणार? मधल्या वर्षांचे जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत, आणि ते मी तक्त्यांत घेतलेले नाहीत.

आता पुढची जनगणना २०२७ ची, १ मार्च ही संदर्भतारीख धरून जाहीर झाली आहे. वाचकांना माझे सांगणे एवढेच. जन्म कुठे झाला, आधी कुठे राहत होतात आणि तिथून का आलात, हे प्रश्न आजवरच्या गणनांत विचारले गेले आहेत; ते समोर आले तर कंटाळून 'इथलेच' असे सांगून टाकू नका. गावाचे, तालुक्याचे नाव नीट सांगा. भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा, कामावर ठेवलेली बाई, इमारतीच्या जिन्याखाली झोपणारा वॉचमन यांची नावे सुटू देऊ नका. गावचे घर बंद असेल तर तेही गणकाला कळू द्या.